काळ्या लॅब्राडोरचे घरातले फोटो नीट येत नाहीत. फ्लॅश वापरावा का?

आपला दोन वर्षांचा काळा लॅब्राडोर घरातल्या फोटोंत एक तर काळ्या डागासारखा दिसतो, नाही तर हललेला येतो, म्हणून फ्लॅश लावावा की नवा कॅमेरा घ्यावा, असे आपण विचारले आहे. आमच्या घरी ९ वर्षांपासून शामा नावाची काळीभोर गावठी कुत्री आहे. तिचे फोटो काढताना जे समजले, ते लिहितो.

फ्लॅश कृपया वापरू नये. कुत्र्याच्या डोळ्यात दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा एक थर असतो, त्याला टॅपेटम ल्युसिडम म्हणतात. समोरून मारलेला फ्लॅश तेथून थेट कॅमेऱ्याकडे परततो आणि फोटोत डोळ्यांच्या जागी हिरवट दिवे पेटलेले दिसतात. शिवाय कुत्रे बिचकते. पहिल्या वर्षी मी शामावर फ्लॅश वापरला होता, आणि त्यानंतर कित्येक महिने कॅमेऱ्याच्या पिशवीची चेन वाजली तरी ती उठून पलंगाखाली जाऊन बसत असे. त्याचे मला आजही वाईट वाटते.

काळा डाग दिसण्याचे कारण बहुधा कुत्र्यामागची खिडकी हे असावे. मागे उजेड असला की कॅमेरा त्या उजेडाचा हिशेब धरतो आणि कुत्रा अंधारात जातो. खिडकी कुत्र्याच्या बाजूला, थोडी समोरच्या अंगाला येईल असे त्याला तीन-चार फुटांवर बसवावे, थेट ऊन येत असेल तर पांढरा पातळ पडदा ओढावा आणि खोलीतले दिवे बंद करावेत, कारण खिडकीचा उजेड आणि पिवळा दिवा एकत्र आले की केसांवर दोन वेगवेगळ्या रंगांच्या छटा उमटतात. काळ्या कुत्र्याच्या अंगाचा आकार आपल्याला दिसतो तो मुख्यतः केसांवरच्या चकाकीमुळे, म्हणून आधी अंगावरून ब्रश फिरवावा. खिडकीच्या विरुद्ध बाजूला खुर्चीवर पांढरी चादर टाकली तर सावलीतला गालही उजळतो. डोळ्यात खिडकीचा लहानसा ठिपका चमकलाच पाहिजे. तो नसेल तर काळ्या चेहऱ्यात काळे डोळे हरवतात.

फोटो हलण्याचा संबंधही त्याच्या रंगाशी आहे. कॅमेरा समोरचे दृश्य मध्यम करड्या उजळपणाचे धरून चालतो. चौकट काळ्या कुत्र्याने भरली की त्याला सगळे फार अंधारे वाटते, तो शटर (प्रकाश आत सोडणारा पडदा) अधिक वेळ उघडे ठेवतो, आणि मग केस राखाडी येतात व कुत्र्याने मान वळवली की चेहरा पुसला जातो. म्हणून अशा जवळच्या फोटोत एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा घेतो तो प्रकाश, पाऊण ते एक स्टॉप कमी करावे (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). फोनवर कुत्र्याच्या डोळ्यावर बोट टेकवून उजळपणाची पट्टी थोडी खाली ओढली तरी तेच साधते. शांत बसलेल्या कुत्र्याला १/१२५ सेकंद आणि खेळणाऱ्याला किमान १/२५० सेकंद शटर हवे. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, १६०० किंवा ३२०० करावा लागला तरी चालेल. थोडे दाणेदार चित्र मला हललेल्या चित्रापेक्षा केव्हाही चांगले वाटते. रात्री ट्यूबलाइटखाली मात्र वेग वाढवला की फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात, कारण आपल्याकडील ५० हर्ट्झच्या विजेवर जुन्या चोकच्या ट्यूबचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. तेव्हा १/१०० सेकंद ठेवावे आणि कुत्रा पहुडलेला असतानाच फोटो घ्यावा.

आपण जमिनीवर बसावे किंवा पालथे पडावे, म्हणजे लेन्स त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येते. मात्र रोखून पाहणे कुत्र्यांना दटावणीसारखे वाटू शकते, आणि चेहऱ्यासमोर धरलेल्या लेन्सनेही अनेक कुत्री अस्वस्थ होतात. आधी कॅमेरा जमिनीवर ठेवून त्याला निवांत हुंगू द्यावा, एखादा खाऊ द्यावा, आणि फोटो दुसऱ्या दिवशी काढावेत. तो पुन्हा पुन्हा ओठ चाटू लागला, झोप नसताना जांभया देऊ लागला किंवा तोंड फिरवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवू लागला, तर त्याला त्रास होत आहे असे समजून लगेच थांबावे. लक्ष वेधण्यासाठी घरातल्या कोणी आपल्या मागे उभे राहून हळूच चिवचिवणारे खेळणे दाबावे, पण एकदाच. तिसऱ्या वेळेपर्यंत शामा माझ्याकडे न पाहता खेळण्याकडेच धावत असे.

नव्या कॅमेऱ्याची घाई करू नये. दिवसा खिडकीपाशी आपला फोन पुरेल, फक्त मागचे दृश्य धूसर करणारा पोर्ट्रेट मोड टाळावा, कारण त्यात मिशा आणि कानांच्या कडा अनेकदा पुसट होतात. संध्याकाळचे फोटोही हवे असतील आणि घरात लेन्स बदलता येणारा जुना कॅमेरा असेल, तर त्याच्यासाठी एफ १.८ची, म्हणजे कमी उजेडातही भरपूर प्रकाश आत घेणारी, ५० मिलिमीटरची लेन्स घ्यावी. मी गेली ६ वर्षे तीच वापरत आहे.