वायफायला पासवर्ड असूनही शेजारचा कोणी आत शिरू शकतो का?

हो, शिरू शकतो, आणि बऱ्याचदा पासवर्डला हातही लावावा लागत नाही. राउटरवर डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता फोन जोडायची सोय) लिहिलेलं बटण असतं बघा, त्याचा ८ आकडी पिन असतो, तो सापडला की झालं, आता वाटतं की कोट्यवधी प्रयत्न लागतील, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो, आधी ४ आकडे मग ३, शेवटचा आकडा नुसता आधीच्या सातांवरून काढलेला ताळा, म्हणजे १०,००० अधिक १,०००, झाले ११,०००. हे २०११ मध्येच उघड झालंय. बरेच नवीन राउटर चुकीचे पिन टाकले की लॉक होतात, तरी बंदच करा ते आधी.

दुसरं म्हणजे मोबाईल नंबर पासवर्ड ठेवू नका राव! आमच्या सोसायटीत अर्ध्या लोकांचा तोच आहे आणि नंबर तर गेटवरच्या रजिस्टरमध्ये लिहिलेलाच असतो 😀 शिवाय डब्ल्यूपीए२ (वायफायच्या सुरक्षेची सध्याची नेहमीची पद्धत) मध्ये तुमचा फोन राउटरला जोडला जातो तेव्हाची देवाणघेवाण हवेतून टिपून घ्यायची आणि घरी निवांत बसून कॉम्प्युटरला अंदाज करायला लावायचं, चांगल्या ग्राफिक्स कार्डापुढे १० आकडे म्हणजे किरकोळ काम. चार-पाच असंबद्ध मराठी शब्द जोडून ठेवा, लांबलचक.

राउटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए३ (त्याच्या पुढची पद्धत) दिसलं तर तेच निवडा. जुना फोन जोडला जाईना तर डब्ल्यूपीए२ एईएस हा पर्याय चालेल, डब्ल्यूईपी ही जुनी, सहज फुटणारी पद्धत अजिबात नको. नेटवर्कचं नाव लपवून काही होत नाही, तुमचा फोन जोडला जातो तेव्हा ते हवेतून टिपता येतं. आणि राउटरचं ॲडमिन पेज, म्हणजे सेटिंगचं पान, अजून ॲडमिन-ॲडमिन या नाव-पासवर्डनेच उघडतंय का ते आजच बघा.