स्लीव्ह घरी बनवायची की विकत घ्यायची?

तुम्ही लिहिलंय की नवीन १४ इंची लॅपटॉप घेतलाय, त्याचे हप्ते चालू आहेत, म्हणून स्लीव्ह, म्हणजे लॅपटॉप ठेवायचं मऊ कव्हर, विकत न घेता कुरिअरचं बबलवालं पाकीट, जुन्या फाईलचा पुठ्ठा आणि ऑफिसातली रुंद टेप वापरून घरीच करायचा विचार आहे, आणि मित्र हसतायत. ही बचत की चिक्कूपणा, एवढंच विचारलंय. करा की, चिक्कूपणा नाहीये हा. फक्त 'फुकटात होतंय' असं जे लिहिलंय ना, तिथे मी अडलो.

वापरलेलं पाकीट घरात पडून असेल तर त्याचा खर्च शून्य धरा, नाहीतरी ते रद्दीतच जाणार होतं. पण होतं काय, लागतो हातभर बबल रॅप आणि माणूस आणतो अख्खा रोल, मग टेप जरा चांगली हवी, मग कटर, मग बंद करायला वेल्क्रो, आणि उरलेलं सगळं दोन वर्षं माळ्यावर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! दोनपेक्षा जास्त वस्तू विकत आणाव्या लागत असतील तर सरळ तयार स्लीव्ह घ्या, असं मी तरी सांगेन. आणि ती टेप ऑफिसच्या कपाटातली असेल तर ती फुकट नाही हां, तिचे पैसे कुणीतरी भरलेत, विचारून घ्या. रिकामी पाकिटं मात्र खुशाल मागा, ती टाकूनच देतात.

आता माप, कारण सगळ्यात जास्त सामान इथेच वाया जातं. १४ इंच हा स्क्रीनचा तिरका आकडा आहे, लॅपटॉपची रुंदी नाही. पट्टीने मोजा आणि लांबी-रुंदी दोन्हीत जाडी मिळवून वर एक सेंटिमीटर सोडा. ए४ कागद न दुमडता मावतो ते सी४ पाकीट २२.९ बाय ३२.४ सेंटिमीटरचं असतं, बघायला पुरेसं वाटतं, पण आत बबलचा थर आला आणि लॅपटॉपची जाडी आली की १४ इंची त्यात जात नाही, जबरदस्ती केलीत तर शिवण उसवते. एक साइझ मोठंच घ्या. (२००८ मध्ये स्टीव्ह जॉब्सनी मॅकबुक एअर ऑफिसच्या साध्या पाकिटातून काढून दाखवला होता, पण ते लॅपटॉप किती पातळ आहे हे दाखवायला, त्याला जपायला नव्हे. नंतर त्या पाकिटासारख्या दिसणाऱ्या स्लीव्ह लोकांनी पैसे मोजून घेतल्या, त्याला मी काय बोलू.)

स्टेपलर अजिबात नको. मी एकदा घाईत कडेला चार पिना मारल्या, म्हटलं वरून टेप लावली की झालं, तर आठवड्याभरात एक पिन आतून वर आली आणि झाकणावर बोटभर लांब ओरखडा, तो अजून आहे. टेपची चिकट बाजूही आत उघडी ठेवू नका, गरम झाली की गोंद सुटतो आणि लॅपटॉपला लागतो. कोपऱ्यांना बबलची दुहेरी घडी घाला, कारण मार तिथेच बसतो. आणि आत ठेवताना लॅपटॉप स्लीपवर नको, पूर्ण बंद करून ठेवा, बबल रॅप उष्णता धरून ठेवतो.

पैशाच्या भाषेत स्लीव्ह म्हणजे छोटासा विमा समजा, आणि तो कशाचा आहे ते नीट बघा. बॅगेतल्या किल्ल्या, चार्जरची पिन, बारीकसारीक धक्के, बस. हातातून पडला तर घरची काय, विकतची साधी स्लीव्हही फार काही वाचवत नाही, आणि पडून फुटलेली स्क्रीन साध्या वॉरंटीत सहसा येत नाही. म्हणून स्लीव्हचे वाचलेले पैसे चहापाण्यात घालवू नका, दुरुस्तीसाठी वेगळे काढा, किंवा अजून बॅकअप नसेल तर आधी तेवढी भर घालून एक एक्स्टर्नल ड्राइव्ह घ्या, कारण लॅपटॉप हप्त्यावर परत मिळतो, आतल्या फाईली नाही मिळत.

तुम्ही लॅपटॉप रोज नेता की कधीमधी, ते लिहिलेलं नाही. आठवड्यातून एकदोनदा असेल तर घरची बनवा. रोज गर्दीतून उभ्याने जात असाल तर बबल लवकर फुटतात, वरून पाकीट तसंच दिसतं आणि आतून नुसतं प्लास्टिक राहतं, मग दर दोन-तीन महिन्यांनी नवीन करत बसण्यात तुमचा रविवार जाणार. तसं असेल तर विकतचीच घ्या, हप्ते चालू असले तरी.