मधुमेहाची गोळी एकदा सुरू झाली की सुटत नाही म्हणतात. मग आधी नुसती साखर सोडून पाहू का?

तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यापाशी अडखळलो: ‘गोळ्या आणल्यात, पण पाकीट अजून फोडलेलं नाही.’ माझंही पहिलं पाकीट तीन आठवडे कपाटात तसंच पडून होतं. तुमचा एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी, ८.१ आलाय, उपाशीपोटीची साखर १६०, डॉक्टरांनी मेटफॉर्मिन लिहून दिलंय आणि कुणीतरी कानात घातलंय की गोळीची सवय लागते. मी डॉक्टर नाही. अकरा वर्षं टाइप २ मधुमेह सांभाळतोय, आणि याच समजुतीपायी एकदा चांगलाच आपटलोय.

आधी सरळ उत्तर देतो. नुसती साखर सोडून भागणार नाही. सोडा, चांगलंच आहे, पण रक्तातली साखर काही फक्त साखरेच्या डब्यातून येत नाही. धान्यं, कंद, फळं, दूध या सगळ्यातून ती येते. आणि गंमत म्हणजे काहीच न खाताही येते. रात्रभर पोटात काही नसताना सकाळी १६० कशी काय? ती यकृतानं तयार करून रक्तात सोडलेली असते. निरोगी माणसाचं यकृतही हेच करतं, नाहीतर झोपेत मेंदूला खायला काय मिळणार? फरक एवढाच, की तिथे इन्सुलिन ‘आता पुरे’ म्हणतं आणि यकृत ऐकतं. आपलं ऐकत नाही. त्यात पहाटे शरीर जागं होण्याच्या तयारीला लागतं तेव्हा जी संप्रेरकं वाढतात, ती साखर आणखी वर ढकलतात. मेटफॉर्मिनचं मुख्य काम नेमकं इथे आहे: यकृताचा हा कारखाना आवरणं. त्यामुळे साखरेचा डबा लपवून सकाळचा आकडा उतरायची वाट बघणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मला स्वतःला आजार समजला तो एका साध्या गुणाकारातून. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम साखर धरली, तर सगळ्या रक्तात मिळून साखर होते ५ ग्रॅम. चहाचा एक चमचा! तुमच्या १६०ला ती होते ८ ग्रॅम. एका जेवणातून याच्या कितीतरी पट साखर रक्तात उतरते, आणि निरोगी शरीर ती तासा-दोन तासांत स्नायूंमध्ये, यकृतात, चरबीत नेऊन ठेवतं. हे उचलून ठेवायचं काम इन्सुलिनच्या इशाऱ्यावर चालतं. आपल्यात पेशी तो इशारा नीट मानत नाहीत, मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं. हा प्रकार वर्षानुवर्षं चालतो आणि तोवर रिपोर्ट ‘नॉर्मल’च येत राहतो. इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी दमल्या, की मग साखर दिसायला लागते. म्हणजे निदान झालं त्या दिवशी आजार सुरू झालेला नसतो. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासातून असा अंदाज निघाला, की निदानाच्या वेळीच बीटा पेशींची ताकद निम्म्यावर आलेली असते.

गोळीची ‘सवय’ लागते ही समजूत इथूनच आलेली आहे. काही वर्षांनी एकीच्या दोन गोळ्या होतात आणि लोक म्हणतात, बघा, अडकला. चष्मा लावल्यामुळे नंबर वाढला म्हणणारेही असतातच की. आजार पुढे सरकतो म्हणून औषध वाढतं. मेटफॉर्मिनचं व्यसन लागत नाही.

आता माझा पराक्रम. पहिल्या वर्षी गोळी आणि चालणं दोन्ही नेमानं केलं, एचबीए१सी ७.९वरून ६.३वर आला. मला वाटलं, जिंकलो. कुणाला न विचारता गोळी बंद केली. काही दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस जेवण आवरायचं, उपाशीपोटीची साखर बरी आणायची आणि तोच कागद घरी दाखवायचा, असा उद्योग वर्षभर केला. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करणाऱ्या मुलासारखा. मग एकदा डॉक्टरांनी पुन्हा एचबीए१सी करायला लावला. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, आणि त्या काळात त्यांच्या हिमोग्लोबिनला जितकी साखर चिकटते तितकी चिकटूनच राहते. तिथे दोन दिवसांची हुशारी चालत नाही. आकडा आला ९.६. त्याच महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून आत पाहिलं, तर पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके. मला वाचायला-दिसायला कसलाही त्रास नव्हता. ‘मला तर काही होत नाही’ हे वाक्य मी त्या दिवसापासून बोलत नाही.

गोळी कधीच सुटत नाही का? काहींची सुटते, आणि हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर ऐका. ब्रिटनमध्येच ‘डायरेक्ट’ नावाची चाचणी झाली, तिचे पहिले निष्कर्ष २०१७ साली आले. निदान होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या, वजन जास्त असलेल्या लोकांना काही महिने दिवसाला जेमतेम ८५० कॅलरींच्या आसपास ठेवलं. वर्षाअखेर त्यातल्या जवळजवळ निम्म्यांचा, ४६ टक्क्यांचा, एचबीए१सी औषधाविना ६.५च्या खाली होता. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलं त्यांच्यात तर ८६ टक्क्यांचा. दोन वर्षांनी मात्र ४६चे ३६ टक्के झाले. म्हणून डॉक्टर याला ‘बरा झाला’ म्हणत नाहीत, आजार शमला म्हणतात. वजन परत आलं की तोही परत येतो. हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली झालेलं होतं, मनाने उपास करून नव्हे. तुमचं वजन जास्त असेल, तर तुमच्यापुढे ही वाट खुली आहे, आणि पाकीट न फोडण्यापेक्षा ती कितीतरी शहाणपणाची आहे.

बाकीच्या औषधांबद्दल थोडक्यात. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतात, त्यामुळे जेवण चुकलं की साखर घसरू शकते. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात आणि हृदय व मूत्रपिंड यांनाही जपतात. सेमाग्लुटाइड भूक आणि वजन दोन्ही उतरवतं. कुणाला काय द्यायचं हे हृदय, मूत्रपिंड, वजन बघून ठरतं. शेजाऱ्याची चिठ्ठी आपल्याला लागू पडत नाही.

इन्सुलिनची भीती मात्र काढून टाका. १९२२च्या जानेवारीत टोरंटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं, तेव्हा तो मरणाच्या दारात होता. त्यानंतर तो आणखी १३ वर्षं जगला. त्याला होता तो टाइप १. त्यात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच बीटा पेशी मारते आणि इन्सुलिनला पर्याय नसतो. तुमचं वजन अलीकडे झरझर उतरलं असेल, तहान भागत नसेल, रात्री चार-चारदा उठावं लागत असेल, तर हे डॉक्टरांना आजच सांगा, कारण टाइप १ मोठ्या वयातही होतो. त्यात उलट्या किंवा जोरजोरात श्वास सुरू झाला तर थेट रुग्णालय गाठा.

मेटफॉर्मिन जेवणासोबत घ्या. सुरुवातीला पोट बिघडतं, माझं दहा दिवस बिघडलं होतं. तसं झालं तर गोळी टाकून देऊ नका, डॉक्टरांकडून हळूहळू विरघळणारी मागून घ्या. एकट्या मेटफॉर्मिननं साखर सहसा घसरत नाही, तेव्हा त्या धास्तीनं खिशात गोड बाळगायची गरज नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तो आधी सांगा. वर्षं सरतील तसं बी१२ तपासा, ते कमी होऊ शकतं. जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटं चाला. चालताना स्नायू इन्सुलिनच्या इशाऱ्यावाचूनही साखर ओढून घेतात, म्हणजे जे बिघडलंय त्यालाच बगल दिली जाते. मला या एका गोष्टीनं जितका फरक पडला तितका कुठल्याच पथ्यानं पडला नाही.

आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ याच आठवड्यात घ्या. टाइप २मध्ये पडद्याची पहिली तपासणी निदान झाल्याबरोबर करायची असते. बाहुल्यांत थेंब घातले की काही तास धूसर दिसतं, तेव्हा जाताना कुणाला तरी सोबत न्या. मी एकटा गेलो होतो आणि परतताना रस्ता ओलांडायला एका शाळकरी मुलाचा हात धरावा लागला.