बागेत हरवलेली कात्री शोधायची कशी?

'बागकाम करताना खुरपं, कात्री, सुतळी सारखी हरवते. गेल्या रविवारी गुलाब छाटताना नवीकोरी कात्री गायब झाली. शोधायची कशी आणि पुन्हा हरवू नये म्हणून काय करायचं?' हा तुमचा प्रश्न आमच्या ह्यांनी मोठ्याने वाचून दाखवला आणि वर म्हणाले, "अगं, तुझ्याबद्दल कुणीतरी विचारलंय." तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

इंदूरला सुदामानगरात आमचं घर आहे. मागच्या अंगाला पंधरा बाय वीस फुटांचा तुकडा, शिवाय गच्चीवर चाळीसेक गमले. (इथे कुंडीला सगळे गमलाच म्हणतात, माझ्याही तोंडात आता तेच बसलंय.) एवढ्याशा जागेत बावीस वर्षांत किती खुरपी हरवली, याचा हिशेब न काढलेलाच बरा. पण शोधण्यात मात्र हात बसला.

बाग पिंजून काढू नका. कात्री आपण कुठे 'ठेवत' नाही, ती हातातून सुटते, कारण हाताला मध्येच दुसरं काम लागतं. फोन वाजतो, दूधवाला येतो, पाइप नळावरून निसटून पाणी उडायला लागतं. ठेवताना लक्षच नव्हतं, तर 'कुठे ठेवली?' विचारून आठवणार काय? 'मी मध्येच कशाला उठले?' हे मात्र पटकन आठवतं. माझी कात्री आजवर नळाच्या कठड्यावर, विजेच्या मीटरच्या पेटीवर, फ्रिजमध्ये कढीपत्त्याच्या जुडीशेजारी आणि दोनदा माझ्याच ॲप्रनच्या खिशात सापडली आहे. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

एकदा मात्र कायमची गेली. मधुमालती छाटत होते, डहाळ्यांचा ढीग झाला होता आणि कोपऱ्यावरून कचरागाडीचं गाणं ऐकू आलं. इंदूरमध्ये ते गाणं ऐकलं की माणूस हातातलं टाकून पळतो, ओला-सुका वेगळा केलेला डबा घेऊन. मीही कात्री ढिगावर टाकली, डबा रिकामा करून आले, गाडी अजून उभी आहे म्हणून घाईघाईने तो ढीगही पोत्यात कोंबून दिला. दुपारी आठवलं. तोवर ओला कचरा देवगुराडियाच्या वाटेला लागलेला. तिथे २०२२ पासून रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करायची सोय आहे. त्यात माझ्या कात्रीचा शोध कोण घेणार! तेव्हापासून छाटलेला ढीग उचलण्याआधी दाताळ्याने पसरून बघते. हात घालत नाही. धनुर्वात गंजामुळे होतो असं आपण लहानपणापासून ऐकतो, पण त्याचे जिवाणू मातीत आणि शेणखतात असतात. जखम काट्याची असली तरी धोका तोच, म्हणून हातमोजे घाला आणि इंजेक्शन कधी घेतलं होतं ते तपासून ठेवा.

बारीक लोखंडी वस्तूसाठी चुंबकासारखं काही नाही. आमची माळव्याची माती काळी. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात ज्या कोपऱ्याला पाणी मिळत नाही, तिथे बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. दोन वर्षांपूर्वी छाटणीच्या कात्रीची स्प्रिंग टुणकन उडाली आणि नेमकी अशा भेगेत गेली. वीतभर खोल, दिसत होती, पण बोट पोचेना. काडीने काढायला जावं तर आणखी खाली. माती उकरली असती तर तिच्यावरच ढेकळं पडली असती. शेवटी ह्यांनी जुन्या रेडिओच्या स्पीकरचा लोहचुंबक आणला. तो वाटोळा, भेगेत मावेना. मग त्याला सहा इंची खिळा चिकटवला. चुंबकाला चिकटलेला खिळा स्वतःही चुंबक होतो, हे शाळेत शिकलेलं तेवढ्यापुरतं कामी आलं. खिळ्याचं टोक आत सोडलं. तीनदा निसटली. चौथ्यांदा बारीक टिक् आवाज झाला आणि स्प्रिंग मातीसकट वर आली. पाऊस पडला असता तर भेग मिटली असती आणि स्प्रिंग आतच राहिली असती. पितळेच्या नोझलला चुंबक लागत नाही, आणि काही प्रकारच्या स्टेनलेस स्टीललाही लागत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

कात्री गवतात पडली असेल तर अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन जा. वरून झोत टाकू नका. टॉर्च जवळपास जमिनीवर टेकवून आडवा प्रकाश सोडा. सपाट पडलेल्या वस्तूचीही लांब सावली पडते आणि पातं चमकतं.

आता रंगाचं. कात्रीला हिरवी मूठ लावायचं कुठल्या शहाण्याला सुचलं, कोण जाणे. मी एकदा सगळ्या मुठी लाल ऑइलपेंटने रंगवल्या आणि अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना म्हटलं, तेवढं गवतातलं खुरपं द्या. खुरपं त्यांच्या चपलेपासून हातभर अंतरावर. ते खाली बघत म्हणाले, "कुठाय?" मला चेष्टा वाटली. पण त्यांना लाल-हिरव्यातला फरक कळतच नव्हता, आणि हे आम्हाला त्यांच्या पंचाहत्तरीत कळलं! हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून पुरुषांत जास्त. शिवाय ज्यांची नजर धड आहे, त्यांनाही तिन्हीसांजेला लाल रंग काळपट दिसतो आणि निळा उजळ. याला पुर्किंजे परिणाम म्हणतात. मग सियागंजातून निळ्या रंगाचा छोटा डबा आणला. बागेत निळं सहसा काही नसतं. गोकर्णाच्या वेलाखाली तेवढं फसायला होतं.

आमच्याकडे पंधरवड्याने माळी येतो. त्याला विचारलं, तुझी खुरपी कशी हरवत नाही? म्हणाला, "माताजी, एक ही तो है." त्याचा हात बघत बसले तेव्हा दुसरं कारण कळलं. उठायचं झालं की तो खुरपी आडवी ठेवतच नाही, खसकन मातीत रोवतो. मूठ उभी. तंबाखू मळून झाली की हात आपोआप तिथेच जातो. मीही तसंच करते, फक्त संध्याकाळी पुसून ठेवायला विसरते, म्हणून माझी गंजते. कात्री रोवता येत नाही, टोक खराब होतं. ती तगारीत, म्हणजे घमेल्यात. जिथे मी तिथे तगारी, असं ठरवलंय आणि दहातल्या सात वेळा तरी पाळलं जातं.

तुमची कात्री गुलाब छाटताना गेली म्हणता, म्हणजे काटा लागला असणार. बोट धुवायला कुठल्या नळावर गेलात? हळद ओट्यावर घेतलीत की पट्टी कपाटातून काढलीत? आधी तिथे बघा. मग फांद्यांचा ढीग, तो अजून कोपऱ्यात असला तर. ढीगच उचलून दिला असेल, तर दुसरी कात्री घ्या, पण हिरव्या मुठीची नको.