स्टार खेळाडू विकले तरी संघ वर कसा जातो: लीड्सच्या चार हंगामांचा हिशेब

तुमचा प्रश्न असा: समरव्हिल, रुटर आणि आर्ची ग्रे असलेला, इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतल्या (चॅम्पियनशिप) लीड्स या फुटबॉल क्लबचा २०२३-२४ चा संघ कागदावर भारी होता, तरी वर प्रीमियर लीगमध्ये गेला नाही. तिघांनाही विकल्यावर पुढच्याच हंगामात तोच क्लब १०० गुण घेऊन चॅम्पियनशिप जिंकला. हे नशीब म्हणायचं का? आणि तुमच्या मित्राच्या क्लबने या उन्हाळ्यात आपला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू विकलाय, तर त्याने प्रमोशनची, म्हणजे वरच्या श्रेणीत जाण्याची, आशा ठेवावी का?

नशीब अजिबात नाही. मित्राने आशा जरूर ठेवावी, फक्त ती कशावर ठेवायची ते नीट बघावं. माझं मत पहिल्यापासून एकच आहे: दुसऱ्या श्रेणीत नावांना फार किंमत नसते. २४ संघ, ४६ सामने, आठवड्याला दोन-दोन लढती. एप्रिल उजाडेल तेव्हा कोणत्या जागेवर कोण खेळतोय, आणि तो त्या जागेचाच खेळाडू आहे की नाइलाजाने तिथे उभा केलाय, यावर सगळं ठरतं.

आधी २०२३-२४ पाहू, कारण तो हंगाम लोक चुकीचा लक्षात ठेवतात. समरव्हिल त्या वर्षी चॅम्पियनशिपचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. रुटर दोन बचावपटूंच्या मधून असा निसटायचा की बघत राहावं. नव्या वर्षाच्या सुरुवातीला आपण (मी लीड्सचाच समर्थक) लीगमध्ये सलग ९ सामने जिंकले आणि फेब्रुवारीत लेस्टरला आपल्या एलंड रोड मैदानावर ३-१ असं हरवलं. तेव्हा वाटलं होतं की आता कोणी अडवत नाही.

पण त्या संघाची शिवण कुठे उसवलेली होती ते बघा. हंगामभर टिकलेला राइट बॅक (उजवीकडचा बचावपटू) नव्हता. जानेवारीत एलिंग मिडल्सबरोला गेला, स्पेन्सचा लोन (दुसऱ्या क्लबकडून उसना घेण्याचा करार) मध्येच संपवला. ग्रे मुळात मधल्या फळीतला, वय १७-१८, त्याला आपण हंगामाचा मोठा भाग राइट बॅक म्हणून खेळवलं. पोरगं अप्रतिम खेळलं, त्यात वाद नाही. पण मधल्या फळीत त्याची जी धार उपयोगी पडली असती ती मैदानाच्या कडेला अडकून राहिली. डिसेंबरअखेर बचावपटू पास्कल स्ट्राइक जखमी झाला तेव्हा अम्पाडूला मधल्या फळीतून काढून सेंटर बॅकला (बचावाच्या मध्यभागी) आणावं लागलं. अम्पाडू लीगचे सगळे ४६ सामने खेळला, तिथेही चोख खेळला. परंतु त्याच्या मूळ जागेवर आता ग्रुएव्ह आणि कमारा, आणि त्यांच्या मागे बेंचवर भरवशाचं कोणी नाही. म्हणजे एक माणूस जखमी झाला आणि तीन जागा हलल्या.

याचं बिल एप्रिलमध्ये आलं. कोव्हेंट्रीकडून १-२, संडरलंडशी ०-०, घरच्या मैदानावर ब्लॅकबर्नकडून ०-१, मिडल्सबरोवर ४-३ असा धापा टाकत विजय, क्यूपीआरकडून ०-४ आणि शेवटच्या दिवशी साउदॅम्प्टनकडून १-२. सहा सामन्यांत ४ गुण. पहिले दोनच संघ थेट वर जातात; इप्सविच ९६ गुणांवर दुसरं येऊन वर गेलं, आपण ९० वर तिसरे. आपला गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल) इप्सविचपेक्षा चांगला होता, म्हणजे त्या सहा सामन्यांत आणखी फक्त ६ गुण हवे होते. ९० गुण काही थोडे नाहीत. २०२१-२२ मध्ये फुलहॅमने तेवढ्याच गुणांवर विजेतेपद घेतलं होतं. पण आपल्या वर्षी पुढे दोन संघ होते आणि आपले पाय जड झाले होते. वर जाण्याच्या उरलेल्या एका जागेसाठीच्या प्ले-ऑफमध्ये नॉर्विचला ४-० उडवलं खरं, पण वेम्बलीत साउदॅम्प्टनच्या ॲडम आर्मस्ट्राँगने २४ व्या मिनिटाला गोल केला आणि उरलेल्या वेळात आपल्याला तो फेडता आला नाही. डॅन जेम्सचा एक फटका आडव्या खांबावर आदळला, बस तेवढंच. त्या दिवशी बेंचवर नजर टाकली तर सामना फिरवेल असा माणूस दिसत नव्हता.

मग तो उन्हाळा. विक्री का झाली, हे समजून घ्या, नाहीतर मालकांना शिव्या घालण्यातच वेळ जातो. तेव्हाच्या नियमानुसार चॅम्पियनशिपच्या क्लबला तीन हंगामांत मिळून ३ कोटी ९० लाख पौंडांपेक्षा जास्त तोटा चालत नसे. त्यातला एखादा हंगाम प्रीमियर लीगमध्ये गेला असेल तर मर्यादा वाढायची. खाली आलेल्या क्लबला काही वर्षं पॅराशूट रक्कम मिळते, पण ती दरवर्षी घटते आणि मोठ्या खेळाडूंचे पगार काही तितके घटत नाहीत. अकादमीतून आलेला खेळाडू विकला तर जवळजवळ सगळी रक्कम हिशेबात नफा म्हणून धरली जाते. म्हणून ग्रे टॉटनहॅमला गेला. त्याचे वडील, आजोबा आणि आजोबांचे भाऊ एडी ग्रे, सगळे लीड्सकडून खेळलेले. त्याला पांढरी जर्सी उतरवताना बघणं प्रत्येक समर्थकाच्या जिव्हारी लागलं. मलाही लागलं, आणि आजही मी त्या व्यवहाराला चांगला म्हणणार नाही. रुटरच्या करारात ४ कोटी पौंडांची अट होती, ब्रायटनने ती भरली. समरव्हिल वेस्ट हॅमला, कमारा रेनला.

ऑगस्टमध्ये पहिल्याच सामन्यात घरी पोर्ट्समथशी ३-३. पाठोपाठ लीग कपात मिडल्सबरोकडून ०-३. लोक प्रशिक्षक फार्केला हाकला म्हणायला लागले होते. नॉर्विचला दोनदा चॅम्पियनशिप जिंकून दिलेल्या माणसाला!

आता आत कोण आलं ते बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. रोडॉन लोनवर होता, त्याला कायमचा घेतला. राइट बॅकला शेफिल्ड युनायटेडकडून जेडन बोगल, जन्माचा राइट बॅक. डाव्या विंगला टॉटनहॅमकडून लोनवर मनोर सॉलोमन, त्याच्या जोडीला रमझानी. मधल्या फळीत बोर्नमथचा जो रॉथवेल लोनवर, आणि विंडो (खेळाडू खरेदी-विक्रीची मुदत) बंद होता होता जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीतून आओ तानाका. तानाका आला तेव्हा किती जणांनी तिकडे लक्ष दिलं? सुमारे ३५ लाख पौंडांचा खेळाडू, मथळ्यांत रुटर आणि समरव्हिल.

सप्टेंबरच्या शेवटी अम्पाडूचा गुडघा गेला, आणि लगेच पुढच्या सामन्यात ग्रुएव्हचाही. मधल्या फळीची पहिली जोडी एका आठवड्यात बाद. आदल्या वर्षी हे झालं असतं तर हंगाम तिथेच मोडला असता. या वेळी तानाका आणि रॉथवेल आत गेले आणि चाक थांबलंच नाही. उलट तानाकामुळे संघाचा खेळ सुधारला असं मी म्हणेन. चेंडू येण्याआधीच तो एकदा खांद्यावरून मागे बघून घेतो, त्यामुळे पहिल्या स्पर्शातच वळतो आणि समोरच्याचा दबाव फुकट जातो. हे गोलच्या क्लिपमध्ये दिसत नाही. पूर्ण सामना बघा, दहा मिनिटांत लक्षात येईल.

दोन सामने सांगतो. १७ फेब्रुवारी २०२५, एलंड रोड, समोर संडरलंड, आपण ०-१ मागे. रॉथवेल बेंचवरून उतरला. त्याने टाकलेल्या चेंडूवर ७८ व्या मिनिटाला स्ट्राइकचं हेडर, आणि भरपाई वेळेत पुन्हा त्याचाच चेंडू, पुन्हा स्ट्राइकचंच हेडर. २-१. पुढच्याच आठवड्यात शेफिल्ड युनायटेडच्या मैदानावर आपणच स्वतःच्या जाळीत गोल घालून मागे पडलो. ७२ व्या मिनिटाला फिर्पो, ८९ व्या मिनिटाला तानाका, नंतर पिरू. ३-१. वर जाण्याच्या शर्यतीतल्या दोन थेट प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध शेवटच्या २० मिनिटांत सामने फिरले. आदल्या वर्षीच्या संघात शेवटच्या २० मिनिटांसाठी काही शिल्लकच राहत नसे.

आकडेही तेच सांगतात. खाल्लेले गोल ४३ वरून ३० वर आले, केलेले ८१ वरून ९५ वर गेले. तिघे गेले आणि गोल वाढले! पिरू १९, जेम्स १२, सॉलोमन १०, आणि नॉन्टो, ॲरनसनपासून बोगलपर्यंत सगळ्यांचा हातभार. लीगच्या अख्ख्या हंगामात ४ पराभव, चारही ०-१ असे. बर्नलीचेही १०० गुण झाले. त्यांनी ४६ सामन्यांत फक्त १६ गोल खाल्ले, हा विक्रम मला आपल्या विजेतेपदाइतकाच थोर वाटतो. पण गोलफरकावर चषक आपल्याकडे आला.

पिरूबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं, कारण त्याच्यावरून समर्थकांत कायम भांडण असतं. लीगमध्ये सर्वाधिक गोल त्याचेच, आणि प्रमोशन पक्कं झालं त्या २१ एप्रिलला स्टोकविरुद्ध मध्यंतरापर्यंत त्याने एकट्याने ४ गोल ठोकले. तरीही माझं मत असं की तो सेंटर फॉरवर्डच्या जागेवर उभा असलेला मधल्या फळीचा खेळाडू आहे. बचावपटूंना अंगावर घेणं, लांब चेंडू छातीवर झेलून धरून ठेवणं हे त्याचं काम नव्हे. दुसऱ्या श्रेणीत आपल्याकडे चेंडू एवढा असतो की हे खपून जातं.

गोलरक्षकाचं मात्र खपलं नाही. मेसलिएने ऑक्टोबरमध्ये संडरलंडला ९७ व्या मिनिटाला साधा टप्पा पडलेला चेंडू सोडून बरोबरी बहाल केली. मार्चअखेर स्वान्सीविरुद्ध कॉर्नर हातातून निसटला, मग शेवटच्या क्षणी २-२. तेव्हा फार्केने कार्ल डार्लोला आत आणलं. माझ्या मते हा बदल दोन महिने आधी व्हायला हवा होता. पण झाला, हे महत्त्वाचं. उरलेल्या सात सामन्यांत ६ विजय, १ बरोबरी. आदल्या वर्षी शेवटच्या सहा सामन्यांत ४ गुण, या वर्षी शेवटच्या सातांत १९. शेवटच्या दिवशी प्लिमथच्या मैदानावर भरपाई वेळेत सॉलोमनने आपल्याला विजेतेपद मिळवून दिलं.

हे एकदाच घडलं असतं तर मीही योगायोग म्हणालो असतो. पण आपल्याच क्लबमध्ये पाच वर्षांपूर्वी हुबेहूब हेच झालं होतं. २०१८-१९, प्रशिक्षक बिएल्साचं पहिलं वर्ष. नाताळात अव्वल, एप्रिलमध्ये घरी दहा माणसांच्या विगनकडून १-२, शेवटच्या चार सामन्यांत १ गुण, तिसरा क्रमांक, प्ले-ऑफमध्ये डर्बीकडून हार. उन्हाळ्यात यान्सन ब्रेंटफर्डला, रूफ अँडरलेख्टला, जॅक क्लार्क टॉटनहॅमला. सगळीकडे आक्रोश. यान्सनच्या जागी ब्रायटनचा लोनवरचा बेन व्हाइट, ज्याचं नावही अनेकांना माहीत नव्हतं. तो सगळे ४६ सामने खेळला. फेब्रुवारीत गोलरक्षक कासियावर एफएने (इंग्लिश फुटबॉल संघटनेने) आठ सामन्यांची बंदी घातली तेव्हा एक पोरगेला फ्रेंच मुलगा आत गेला आणि त्याने जागा धरून ठेवली. तो हाच मेसलिए. शेवटचे सहाही सामने जिंकून आपण ९३ गुणांनी १६ वर्षांनंतर वर गेलो.

माझ्या म्हणण्याला एक ठळक अपवाद आहे, तोही सांगतो. २०२४-२५ मध्ये संडरलंड लीगचे शेवटचे पाच सामने हरलं, तरीही वर गेलं. चौथा क्रमांक आधीच पक्का असल्यामुळे त्यांनी खेळाडूंना विश्रांती दिली होती. प्ले-ऑफमध्ये कोव्हेंट्रीविरुद्ध बॅलर्डचा १२२ व्या मिनिटाचा गोल, आणि शेफिल्ड युनायटेडविरुद्धच्या अंतिम सामन्यात टॉमी वॉटसनचा ९५ व्या मिनिटाचा. शेफिल्ड युनायटेडचे लीगमध्ये त्यांच्यापेक्षा १४ गुण जास्त होते, तेही २ गुण कापल्यानंतर. प्ले-ऑफ ही वेगळीच स्पर्धा आहे. तिच्यावर आशा जरूर ठेवावी, पण संघबांधणी तिच्या भरवशावर करू नये.

आता तुमच्या मित्राच्या क्लबकडे येतो. तो स्ट्रायकर गेल्याचं दुःख त्याने पंधरा दिवस करावं, तो हक्क आहे. मग विंडो बंद झाली की कागद घेऊन अकरा जागा लिहाव्यात आणि प्रत्येक जागेसमोर दोन नावं. दुसरं नाव त्याच जागेचं असावं, दुसरीकडून ओढून आणलेलं नको. सेंटर बॅक आणि मधली फळी आधी तपासावी, तिथला खड्डा बाकी सगळ्यांना खेचतो. दोन्ही फुल बॅक (कडेचे बचावपटू) रोज तीच जागा खेळणारे आहेत का बघावं. गोल एकाच माणसाकडून येत होते का तेही बघावं. येत असतील तर त्याच्या बदली तसाच दुसरा शोधण्यापेक्षा सात-आठ गोल करणारे तीन मिळणं मी पसंत करेन. आणि लोनवरचे किती जण खरोखर सुरुवातीच्या संघात बसतात, तेही मोजावं. प्रशिक्षक एकदा तरी ही लीग पार करून गेलेला असेल तर माझा भरवसा आणखी वाढतो.

ऑगस्टमधल्या निकालांवर मात्र काही ठरवू नका. फेब्रुवारीत मंगळवारी रात्रीचा बाहेरचा सामना असेल तेव्हा बेंचवरची नावं वाचा. त्यातले तीन जण आत टाकायला तुमच्या मित्राला भीती वाटत नसेल, तर त्याचा क्लब पहिल्या दोघांत येऊ शकतो.