कळलावी : कुंडीत हवी, औषधाच्या डब्यात नको

प्रश्न : गेल्या वर्षी गॅलरीतील कुंडीत लावलेली कळलावीची वेल श्रावणात भरभरून फुलली, परंतु दिवाळीनंतर तिची पाने पिवळी पडली आणि पाणी वाढवूनही ती बुडापासून वाळून गेली. वेल मेली असे समजावे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : वेल मेलेली नसावी, तिचा वर्षाचा क्रम संपला आहे. सह्याद्रीच्या उतारांवर आणि कोकणातील कुंपणांवर आढळणारी ही वेल पहिल्या पावसाबरोबर उगवते, पावसाळाभर फुलते आणि थंडीच्या सुरुवातीस जमिनीवरचा सारा पसारा टाकून कंदाच्या रूपाने मातीत राहते. तिला खरा धोका आपण वाढवलेल्या पाण्याचा आहे, कारण पाने नसलेला कंद पाणी वापरू शकत नाही आणि ओल्या मातीत लवकर कुजतो. त्यामुळे पाने पिवळी पडू लागताच पाणी कमी करावे, वेल पूर्ण वाळल्यावर ते बंद करावे आणि कुंडी मेअखेरपर्यंत पावसापासून व बागेच्या नळीपासून दूर, कोरड्या सावलीत ठेवावी.

मे महिन्याच्या शेवटी कुंडी हलक्या हाताने रिकामी केल्यास जुन्या कंदाच्या जागी इंग्रजी व्ही अक्षरासारखा दुबेळका नवा कंद सापडेल. पुढच्या वर्षीचा कोंब त्याच्या भुजांच्या टोकांवरील डोळ्यांतूनच येतो. टोक मोडले की ती भुजा कितीही टपोरी असली तरी बहुधा उगवत नाही, आणि रोपवाटिकेतून आणलेले कंद ‘फसले’ अशी जी तक्रार नेहमी येते, तिचे कारण पुष्कळदा वाहतुकीत मोडलेले हे टोकच असते. कंद आडवा ठेवून त्यावर सुमारे ६ ते ८ सेंटीमीटर माती पसरावी. कुंडी किमान ३० सेंटीमीटर रुंद असावी. मातीत वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळावे, आणि पाणी तळाशी साचून राहणार नाही याची खात्री करून घ्यावी. कंद हाताळताना हातमोजे घालावेत.

आधाराबद्दल आपण विचारलेले नाही, तरीही एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. कळलावी तिच्या पानांच्या लांबट, वळलेल्या टोकांनी पकड घेत वर चढते. जाड बांबूला किंवा खांबाला तिचा विळखा बसत नाही, म्हणून बारीक काटक्या, सुतळी किंवा तारेची जाळी द्यावी. दिवसातून काही तास ऊन मिळाले तरच कळ्या धरतात. उमलताना हिरवट-पिवळे असलेले फूल पुढे तांबडे होत जाते, त्यामुळे एकाच वेलीवर दोन जातींची फुले आल्याचा समज होतो. ते केवळ फुलाचे वय असते.

प्रश्न : आमच्या घरी कळलावीचा कंद उगाळून सुलभ प्रसूतीसाठी लावण्याची जुनी पद्धत आहे. घरची वेल असल्याने संधिवातासाठीही तिचा उपयोग करता येईल का? (एक वाचक भगिनी, चिपळूण)

उत्तर : कृपया करू नये. आयुर्वेदात लांगली या नावाने ओळखली जाणारी ही वनस्पती उपविषांत, म्हणजे दुय्यम विषांत, गणली जाते आणि ती औषधात वापरण्यापूर्वी तिचे शोधन, म्हणजे विषारीपणा कमी करण्याची प्रक्रिया, करावे लागते. ते काम प्रशिक्षित वैद्याचे आहे, स्वयंपाकघरातील सहाणेचे नाही. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन हे द्रव्य असते. गाउट या सांधेदुखीवर आधुनिक वैद्यकातही ते दिले जाते, आणि त्यासाठी तमिळनाडूत बियांकरिता कळलावीची शेती होते. तथापि गोळीतील मात्रा मिलिग्रॅमच्या अंशात मोजलेली असते, तर घरच्या कंदात ते द्रव्य किती आहे हे पाहून किंवा चाखून कोणालाही सांगता येणार नाही. गर्भवती स्त्रीच्या बाबतीत तर लेपाचाही प्रयोग नको.

विषबाधेची लक्षणे लगेच दिसत नाहीत, हे यातील सर्वांत फसवे अंग आहे. काही तासांनी उलट्या व जुलाब सुरू होतात, त्यानंतर मूत्रपिंड आणि अस्थिमज्जा यांवर परिणाम होऊ शकतो आणि वाचलेल्या रुग्णाचे केसही पुढे गळतात. म्हणून कोणी चुकून कंद वा बी खाल्ल्याचा संशय आला, तरी त्रास सुरू होण्याची वाट न पाहता वेलीचा तुकडा सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे. उकरलेले कंद रताळी-कोनफळांच्या टोपलीत कधीही ठेवू नयेत. घरात लहान मुले अथवा कुत्रा-मांजर असेल, तर फुले सुकताच खुडावीत. त्यामुळे लालसर बिया तयार होत नाहीत आणि वेलीची शक्तीही कंदाकडे जाते. रांगते मूल असलेल्या घरी मात्र ही हौस काही वर्षे पुढे ढकलणेच मला योग्य वाटते.

प्रश्न : एवढ्या विषारी वेलीची पाने अळ्या फस्त करीत आहेत. काय फवारावे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : अळ्या काळ्या असून त्यांच्या अंगावर लाल व पांढरे ठिपके असतील, तर त्या लिली कुळातील आणि त्यासारख्या झाडांवर जगणाऱ्या पतंगाच्या आहेत आणि कळलावीचे विष त्यांना बाधत नाही. चार-दोन कुंड्यांसाठी फवारणीची गरज नाही. हातमोजे घालून सकाळी अळ्या वेचाव्यात आणि पानांच्या मागील बाजूस अंडी आहेत का ते पाहावे. उपद्रव फार वाढला, तरच संध्याकाळी निंबोळी अर्क फवारावा.