ओढ्यातले नत्र जाते कुठे?

प्रश्न : एकाच डोंगरावरून दोन ओढे उतरतात, एक जंगलातून येतो, दुसरा शेतांमधून. दोघांचेही पाणी नितळ दिसते, पण तपासणीत दुसऱ्या ओढ्यातील नायट्रेट, म्हणजे नत्र आणि प्राणवायू यांचे विरघळलेले संयुग, कितीतरी पट अधिक निघाले. वाहते पाणी आपोआप शुद्ध होते असे ऐकत आलो आहोत. मग इथे तसे का घडले नाही?

उत्तर : नितळपणावरून नायट्रेटचा अंदाज करता येत नाही, कारण पूर्णपणे विरघळणाऱ्या या घटकाला रंगही नाही आणि वासही नाही. मातीच्या कणांवर बहुधा ऋण विद्युतभार असतो आणि नायट्रेटवरही ऋणच असतो. त्यामुळे ते मातीला धरून राहत नाही (नत्राचेच दुसरे रूप असलेले, धन विद्युतभाराचे अमोनियम राहते), आणि पिकाने उचलले नाही तर पाण्याबरोबर खाली झिरपून भूजलावाटे ओढ्याला येऊन मिळते. शेतात खत पडते, म्हणून दोन ओढ्यांमधला पहिला फरक हा, आवक किती याचा. मात्र तेवढ्यावर उत्तर पूर्ण होत नाही.

ओढ्याच्या तळातला एखादा बुळबुळीत दगड उचलून पाहावा. बोटाला लागणारा तो थर म्हणजे शेवाळ, बुरशी आणि जीवाणू यांची दाट वस्ती असते. थराच्या वरच्या अंगाला प्रकाश आणि प्राणवायू मुबलक असतो, पण थर जाड असेल तर एखाद-दुसऱ्या मिलिमीटरखालीच प्राणवायू संपतो, आणि तिथले काही जीवाणू श्वसनासाठी प्राणवायूऐवजी नायट्रेट वापरू लागतात. त्यातून अखेरीस नत्रवायू तयार होऊन हवेत निघून जातो. या क्रियेला विनत्रीकरण म्हणतात. तळातल्या गाळात आणि कुजणाऱ्या पाल्याच्या ढिगातही ती चालते. शेवाळही नत्र उचलते, पण ती उसनवारी असते. शेवाळ मेले की तेच नत्र पुन्हा पाण्यात उतरते आणि थोडे पुढे जाऊन दुसऱ्या कुणाच्या शरीरात शिरते. नत्राचा प्रवास असा मळसूत्री असतो. लहान ओढ्यात पाणी उथळ असल्याने त्याचा तळाशी संबंध सतत येतो आणि हे काम जोमाने होते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील १२ लहान ओढ्यांवरील अभ्यासात असे दिसले की जैविक हालचाल भरात असते त्या ऋतूंत, पाणलोटातून आलेल्या असेंद्रिय नत्रापैकी (नायट्रेट, अमोनियम) निम्म्याहून कमी नत्र खालच्या प्रवाहात जाते.

तेव्हा शेतातला ओढा काम करत नाही असे नाही. आवकेच्या मानाने त्याचे काम कमी पडते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अभ्यासात जंगल, शेती आणि शहर अशा निरनिराळ्या भूवापरांतील ७२ ओढ्यांत नत्र-१५ या जड समस्थानिकाने (नत्राच्याच किंचित जड अणूंनी) खूण केलेले नायट्रेट सोडण्यात आले. निसर्गातील नत्रात या समस्थानिकाचा वाटा जेमतेम ०.३७ टक्के असल्याने सोडलेले नत्र कुठे गेले याचा माग काढता येतो. नायट्रेट वाढले की सूक्ष्मजीवांनी उचललेले एकूण नत्रही वाढते, पण आलेल्या नत्राचा उचलला जाणारा हिस्सा मात्र घटत जातो, असे त्यात आढळले. भार दुप्पट झाला म्हणून जीवाणूंचे काम दुप्पट होत नाही, आणि उरलेले सारे खालच्या नदीच्या वाट्याला येते. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे मर्म इथे आहे.

त्यात आपण ओढ्याची घडणही बदलतो. प्रवाह सरळ केला, काठ बांधून काढले, पडलेली खोडे उचलली की पाणी थांबत नाही आणि तळाशी त्याचा संपर्क कमी होतो. काठची झाडे गेली की पालापाचोळ्यातून जीवाणूंना मिळणारा कार्बनही आटतो. शहरात तर पावसाचे पाणी गटारांतून थेट ओढ्यात पडते. मातीशी त्याची गाठच पडत नाही.

खताविनाही नायट्रेट वाढू शकते, हे पुष्कळांना पटत नाही. अमेरिकेतील हबर्ड ब्रुक येथे १९६५ च्या अखेरीस एका लहान पाणलोटातील सर्व झाडे तोडून जागीच ठेवण्यात आली आणि पुढे तणनाशक मारून नवी वाढ रोखण्यात आली. तिथल्या ओढ्यातील नायट्रेट, न तोडलेल्या जंगलाच्या तुलनेत, पहिल्या वर्षी ४१ पट आणि दुसऱ्या वर्षी ५६ पट झाले. मातीतले सेंद्रिय नत्र मोकळे होत राहिले. ते उचलणारी मुळे तेवढी उरली नव्हती. उलट, आल्डरसारखे हवेतले नत्र स्थिर करणारे वृक्ष जिथे दाट असतात, तिथे जंगलातल्या ओढ्यातही नायट्रेट बरेच सापडते.

प्रश्न : मग शेताच्या कडेने, ओढ्याकाठी झाडांचा पट्टा लावला तर पुरेसे होईल का?

उत्तर : भूजल मुळांच्या थरातून आणि ओलसर, कार्बनयुक्त मातीतून हळूहळू सरकत असेल, तर असा पट्टा फार उपयोगी पडतो. पण शेतात जमिनीखालून निचऱ्याचे पाइप टाकलेले असतील, तर पाणी पट्ट्याला वळसा घालून थेट ओढ्यात येते. ओढा खोल खणला गेला असेल, तर काठाजवळची पाण्याची पातळी मुळांच्या खाली जाते आणि पट्टा कोरडाच उभा राहतो. शिवाय आज ओढ्यात येणारे भूजल काही वर्षांपूर्वी, कधी काही दशकांपूर्वी, मुरलेले असू शकते. झाडे लावल्यावर पुढच्याच हंगामात आकडा उतरला नाही म्हणून ती उपटू नयेत.

तपासणीचा अहवाल वाचताना एकक मात्र जरूर पाहा. प्रतिलिटर ५० मिलिग्रॅम ‘नायट्रेट’ आणि प्रतिलिटर ११.३ मिलिग्रॅम ‘नायट्रेटमधील नत्र’ या एकाच प्रमाणाच्या दोन नोंदी आहेत. तुमचे दोन नमुने दोन वेगळ्या प्रयोगशाळांत गेले असतील, तर ‘कितीतरी पट’ या फरकातली जवळपास साडेचार पट केवळ लिहिण्याच्या पद्धतीतून आलेली असू शकेल.